पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस

मी एक जुना संगणक आहे. अशा लेखनात यापुढचं वाक्य ‘माझी कोणाविषयीही तक्रार नाही’ असं घालायची पद्धत आहे. मित्रांनो, माझी तक्रार आहे. ती आधी ऐकून घ्या. मग माझ्यावर धूळ साचली म्हणून हळहळायचं असेल तर खुशाल हळहळा.

माझा जन्म कारखान्यात झाला. आईवडील आठवत नाहीत. एक सरकता पट्टा आठवतो आणि पांढरे हातमोजे घातलेली एक बाई आठवते. तिनं माझ्या पोटात शेवटचा स्क्रू पिळला, मला सुरू करून दोन-चार प्रश्न विचारले, मी धडाधड उत्तरं दिली आणि तिनं मान हलवली. एवढं निखळ कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

मग थर्माकोलमध्ये घट्ट बसवून, खोक्यात घालून मला ट्रकनं या शाळेत आणलं. सोबत माझी भावंडं होती. पाहुणे आले, फीत कापली गेली, भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यांनी ‘संगणक म्हणजे प्रगतीची शिडी’ असं सांगितलं आणि माऊस उलटा धरून फोटो काढून घेतला. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, आता रोज असंच असणार.

दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांवर निळ्या कापडाचे अभ्रे चढले आणि दारावर पाटी लागली: ‘हात लावू नये.’ त्या खोलीत शिकवायचं काय होतं, तर अकरावी-बारावीचं संगणकशास्त्र. पोहण्याचा वर्ग भरवावा आणि आधी तलावावर पत्रे टाकून घ्यावेत, त्यातला प्रकार.

शिकवायला जे सर नेमले ते मुळात भूगोलाचे. त्यांच्या मेहुण्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे सरांचा यंत्रांशी घरोबा असणार, असं मुख्याध्यापिकाबाईंनी गृहीत धरलं. माणूस वाईट नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचा गैरसमज होईल. स्क्रीन काळी पडो, कीबोर्ड रुसो, पंखा खरखरो, सरांचा उपाय एकच: ‘बंद करून चालू कर.’ मुलांनी त्यांचं नाव बंद-चालू सर असं ठेवलं. सरांनाही ते ठाऊक होतं. एकदा एका पालकांनी फोनवर ‘बंद-चालू सर आहेत का?’ असं विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले, ‘बोलतोय.’

संगणकशास्त्र शिकायची तिथली रीत अशी. गाइडमधला प्रोग्राम सर फळ्यावर उतरवत. फळ्यावरून तो मुलांच्या कच्च्या वहीत जाई, कच्च्या वहीतून पक्क्या जर्नलमध्ये. खाली पट्टीनं चौकट आखायची आणि त्यात हिरव्या शाईनं उत्तर लिहायचं. ते उत्तरही गाइडमधूनच घ्यायचं. ज्यांच्या घरी मोठा भाऊ किंवा मोठी बहीण याच शाळेतून गेलेली, त्यांना तेवढाही त्रास नव्हता. ते जर्नलला नुसतं नवं कव्हर घालत. या सगळ्या खटाटोपात संगणकाला कुठंच काम नव्हतं. भावंडं अभ्र्याखाली बसून बसून आजारी पडली. मग एकाचा कीबोर्ड, दुसऱ्याची स्क्रीन, तिसऱ्याचा पंखा असं काढून काढून माझ्यावर बसवलं. असा मी एकटा चालता राहिलो, आणि प्रत्येक तुकडीला वर्षातून एखाददा ‘हा बघा संगणक’ म्हणून दाखवला जाऊ लागलो.

आता तक्रारीचं मूळ सांगतो.

गाइडमधला पहिलाच प्रोग्राम म्हणजे एक ते दहा या आकड्यांची बेरीज. मला द्यायच्या आज्ञा खाली छापलेल्या. एकपासून सुरुवात कर. आकडा दहापेक्षा लहान आहे तोवर त्याला बेरजेत घेत जा. मग थांब आणि बेरीज दाखव. आणि चौकटीत उत्तर: पंचावन्न.

नीट वाचलंत ना? दहापेक्षा लहान. मी एक घेतो, दोन घेतो, नऊपर्यंत सगळ्यांना आत घेतो. दहा दाराशी आला की विचारतो, बाबा रे, तू दहापेक्षा लहान आहेस का? तो नाही म्हणतो. मग मी त्याला आत घेत नाही. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस होते, ती मी दाखवतो. गाइड लिहिणाऱ्यांना एक ते दहाची बेरीज पाठ होती, ती त्यांनी छापून टाकली. माझ्यासारख्या कोणाला विचारण्याची तसदी घेतली नाही.

पहिल्या वर्षी भर वर्गात मी पंचेचाळीस दाखवले तेव्हा सरांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला, मग माझी स्क्रीन पुसली. मग मला बंद करून चालू केलं. पंचेचाळीस.

‘दहा कमी दाखवतोय,’ सर म्हणाले. ‘ट्रकमध्ये हलला असणार.’

दुरुस्तीवाला आला. त्यानं माझं पोट उघडून आत फुंकर मारली, ‘आता बघा’ म्हणाला आणि कोणी बघायच्या आत निघून गेला. पंचेचाळीस. शेवटी सरांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे लेखी कळवलं आणि तिकडून एक कागदी पट्टी आली. ती माझ्या स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटवली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात होतं: ‘या संगणकाच्या उत्तरात दहा मिळवून घ्यावेत. आज्ञेवरून.’ खाली सही आणि शाळेचा गोल शिक्का.

त्यानंतरच्या महिन्यात पाचाचा वर्ग काढायचा प्रोग्राम होता. मी पंचवीस दाखवले. पट्टीप्रमाणे दहा मिळवून पस्तीस झाले. गाइडमध्ये पंचवीस होते. सर हताश होऊन वर्गाला म्हणाले, ‘याचा काही भरवसाच नाही. कधी दहा कमी, कधी दहा जास्त.’ आणखी एका प्रोग्रामचं उत्तर ‘नमस्कार’ असं येत असे. त्यात दहा कसे मिळवायचे, असं एका मुलानं विचारलं. सरांनी बराच विचार केला आणि सांगितलं, ‘नमस्काराला पट्टी लागू नाही.’

मित्रांनो, मी तरीही पंचेचाळीसच म्हणत राहिलो. तुकड्या आल्या आणि गेल्या. डोक्यावर सरकारी थाटाची पट्टी मिरवत मी दर वर्षी पंचेचाळीस म्हणालो. याला शौर्य म्हणू नका. मला खोटं बोलता येत नाही, हा माझा सद्‌गुण नाही, ती माझी बनावट आहे. शौर्य त्याचं, ज्याला खोटं बोलता येतं, बोलून फायदा होणार असतो, आणि तो बोलत नाही. तसं एक माणूस मी पाहिलं. त्याचीच गोष्ट सांगायला मी तुम्हाला बसवून घेतलंय.

बारावीत एक मुलगी होती. तिचा हात सदा वर असायचा, म्हणून वर्ग तिला ‘शंका’ म्हणे. तिच्या तुकडीला दाखवायला मला उघडलं, मी माझं पंचेचाळीस दाखवलं, सरांनी पट्टीवर बोट ठेवून दहा मिळवले आणि अभ्रा उचलला. शंकाचा हात वर.

‘सर, एक विचारू?’

‘परत?’

‘दहा हा दहापेक्षा लहान असतो का?’

वर्ग खिदळला. सर म्हणाले, ‘अगं, बारावीत ना तू? पहिलीतलं पोरगं सांगेल.’

‘काय सांगेल?’

‘नसतो म्हणून!’

‘मग तो बेरजेत कसा येईल, सर?’

सर फळ्याकडे बघत राहिले. हातातला अभ्रा हातातच राहिला. मला वाटलं, आता कळलं यांना! मी पंखा फिरवायचा तेवढा फिरवला. मग सर वळले आणि म्हणाले, ‘हे गाइड काय एकट्यादुकट्यानं लिहिलंय? तीन लेखक आहेत. तिघं मिळून चुकतील?’

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘आणि शंका तर एकटीच आहे!’

तिनं जर्नलमध्ये हिरव्या चौकटीत पंचेचाळीस लिहिलं. सरांनी त्या पानावर सही करायला नकार दिला. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. दोघंही हटेनात, तेव्हा तिच्या आईला बोलावणं गेलं. आई दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची. ती ड्यूटीवरूनच आली, गळ्यात ओळखपत्र तसंच.

‘काय केलं हिनं? मारामारी?’

‘तसं असतं तर मिटवलं असतं, ताई,’ सर म्हणाले. ‘हिनं पंचेचाळीस लिहिलंय.’

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकीकडे वळली. ‘लिही ना मग पंचावन्न. तुझ्या बापाचं काय जातं?’

‘आई, ते खोटं आहे.’

‘घराजवळ एकच कॉलेज आहे कॉम्प्युटरचं. तिथं प्रॅक्टिकलचे मार्क असे काठोकाठ लागतात. हे तूच मला सांगितलंस ना? कान किटेपर्यंत?’

‘हो, पण हे मशीन खरं बोलतंय.’

‘मशीनला कुठं ॲडमिशन घ्यायचीय!’

पोरगी खालमानेनं नख कुरतडत उभी राहिली. मग म्हणाली, ‘सर, मी प्रोग्राम दुरुस्त करून लिहिते. “दहापेक्षा लहान किंवा दहाएवढा” असं करते. बरोबरीचं एक चिन्ह घालायचंय फक्त. मग पंचावन्न खरंच येईल.’

सरांच्या कानापर्यंत त्यातलं ‘पंचावन्न’ तेवढं पोचलं. त्यांचा चेहरा उजळला. ‘बघ, समजुतीनं घेतलं की होतं की नाही?’ असं म्हणून त्यांनी सही ठोकली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. आई म्हणाली, ‘सुटले बाई,’ आणि खिडकीवर परत गेली.

ती चुकीचं बोलली होती. कोणीच सुटलं नव्हतं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. त्यांना पडसं झालं होतं. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात मंडळाकडून आलेली उत्तरांची यादी. चालता संगणक मी एकटा, त्यामुळे मुलं ओळीनं माझ्यासमोर येत, चिठ्ठी उचलत, पाठ केलेला प्रोग्राम टाइप करत. बहुतेकांना बेरीजच निघत होती. मी पंचेचाळीस म्हणे. सर वाकून पट्टी दाखवत आणि ‘अधिक दहा’ म्हणत. परीक्षक यादीत पंचावन्न बघून, शिंकून, बरोबरची खूण करत. सकाळपासून हे यंत्रासारखं सुरळीत चाललं होतं, यात यंत्र तेवढं मी होतो.

शंकाचा नंबर आला. तिनं चिठ्ठी उघडली. बेरीज. तिनं बोटं माझ्यावर ठेवली, टाइप केलं आणि ‘लहान’च्या पुढे बरोबरीचं चिन्ह घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी दहाला आत घ्यायला सांगत होतं. दहा दाराशी आला. तू दहापेक्षा लहान आहेस? नाही. दहाएवढा आहेस? हो. मग ये ना, बाबा, ये.

मी पंचावन्न दाखवले. एवढे ठसठशीत की परीक्षकांनी यादीतून डोकं वर काढलं आणि पेन टेकवलं.

‘थांबा, थांबा,’ सर म्हणाले. ‘अधिक दहा. पासष्ट.’

‘पासष्ट?’ परीक्षक म्हणाले. ‘इथं तर पंचावन्न पाहिजेत.’

‘म्हणजे चुकलं हिचं. सगळ्यांना मिळवलेत ना दहा? हिला कसे सोडणार? पट्टी अधिकृत आहे, सर. शिक्का बघा.’

परीक्षकांनी शिक्का बघितला. गोल होता. त्यांनी पेन उचललं. सर वाकून हळूच, अगदी मायेनं म्हणाले, ‘बाळा, ते बरोबरीचं चिन्ह काढून टाक. पंचेचाळीस येईल. दहा मिळवू. पंचावन्न. सगळ्यांचं तसंच झालंय बघ. पटकन काढ, मी काही बघितलं नाही.’

मित्रांनो, नीट लक्षात घ्या. चूक केली तर पूर्ण मार्क. बरोबर केलं तर शून्य. मध्ये एक चिन्ह. ते पुसायला एक बटण पुरतं आणि ते बटण तिच्या करंगळीखाली होतं. घराजवळचं कॉलेजही तिथंच होतं. मी काहीही करू शकत नव्हतो. तिनं पुसलं असतं तर मी मुकाट्यानं पंचेचाळीस दाखवले असते आणि तिला दोषही दिला नसता.

तिनं करंगळी उचलली. ‘नाही काढत,’ ती म्हणाली.

‘अगं, नापास होशील!’

‘सर, चिन्ह बरोबर आहे. पट्टी चुकलीय.’

आणि तिनं हात वर केला. या वेळी शंका विचारायला नाही. पट्टीचा कोपरा थोडा सुटला होता, त्याच्याखाली तिनं अंगठ्याचं नख घातलं आणि सरळ, एका रेषेत, शेवटपर्यंत ओढत नेलं. चर्रर्र असा आवाज झाला. सही गेली, शिक्का गेला, आज्ञेवरून गेलं. पट्टी तिच्या हातात लोंबत राहिली. खोलीत कोणी शिंकलंसुद्धा नाही.

‘आता किती आहेत, सर?’ तिनं परीक्षकांना विचारलं.

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी यादी सोडून माझ्याकडे बघितलं. ‘पंचावन्न,’ ते म्हणाले.

‘पण पट्टी होती!’ सर ओरडले.

‘असेल. मला आता दिसत नाही,’ परीक्षक म्हणाले आणि त्यांनी खूण केली. मग रुमालात तोंड घालून विचारलं, ‘बाकीच्यांची खूण कशी केली मी?’ आणि उत्तराची वाट न बघता पुढचा मुलगा बोलावला.

इथं गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण प्रॅक्टिकलमध्ये वर्तणुकीचे मार्क असतात आणि ते बाहेरचे परीक्षक देत नाहीत, शाळा देते. ‘शालेय मालमत्तेची नासधूस’ या सदराखाली ते सगळे कापले गेले. घराजवळच्या कॉलेजच्या यादीत शिरायला तेच कमी पडले.

शाळा सोडल्याच्या कागदावर सरांची सही लागते, म्हणून मायलेकी लॅबच्या दारात आल्या. आईनं सरांसमोर कागद ठेवला.

‘सर, शेवटी पंचावन्नच आले होते ना?’

‘आले होते, ताई.’

‘मग मार्क कशाचे कापलेत?’

‘पट्टीचे.’

‘पट्टी खोटी होती.’

‘पण शिक्का खरा होता,’ सर म्हणाले, आणि सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

आईनं कागदाची घडी घातली. लेकीला म्हणाली, ‘दोन बस बदलून जावं लागेल त्या लांबच्या कॉलेजला.’

‘जाईन.’

‘पहाटे उठावं लागेल.’

‘उठेन.’

‘डबा मी करणार नाही.’

‘मी करेन.’

‘तुझ्या हातचं गिळणार कोण? मीच करेन,’ आई म्हणाली. मग सरांकडे वळून, दवाखान्याच्या खिडकीतून बोलतात त्या आवाजात म्हणाली, ‘सर, आमच्याकडे बाटलीवर चुकीचं लेबल लागलं तर आम्ही लेबल काढतो. औषधाला शिव्या देत नाही.’ आणि दोघी निघून गेल्या. त्यानंतर शंका मला दिसली नाही. लांबच्या कॉलेजात संगणकांवर अभ्रे नसावेत, एवढंच मी मनात म्हणतो.

मला त्याच महिन्यात ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारून शेजारच्या अडगळीच्या खोलीत टाकलं. इथं मोडके बाक आहेत, सरांचे जुने नकाशे आहेत आणि एक पृथ्वीचा गोल आहे, ज्याचा अर्धा भाग हरवलाय. झरोक्यातून लॅबमधलं सगळं ऐकू येतं. नवे संगणक आले, फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या. गाइड तेच आहे. परवा सरांनी पहिला प्रोग्राम सुरू केला. एकानं पंचेचाळीस दाखवले. दुसऱ्यानं पंचेचाळीस. तिसऱ्यानं. ओळीनं सगळ्यांनी.

‘आख्खा ट्रक हललेला दिसतोय,’ सर शेवटी म्हणाले.

आता सगळ्यांसाठी पट्ट्या छापून आल्यात. या वेळी प्लास्टिकच्या, मागे पक्का गोंद असलेल्या.

तर मित्रांनो, इथं शेवटी मी हात जोडून विनवायचं असतं: आमच्यावरची धूळ पुसा, आमच्यावर पाणी सांडू नका, आम्हालाही भावना असतात. मी हात जोडणार नाही. मला हात नाहीत. अभ्रे काढा. आम्हाला झिजवा. वापरून वापरून आमची अक्षरं पुसली गेली तरी चालतील. आमचं उत्तर आवडलं नाही तर आम्हाला बंद-चालू करण्याआधी तुम्ही आम्हाला काय विचारलंत ते एकदा वाचा. आणि कोणी आमच्या कपाळावर पट्टी चिकटवलीच, तर शिक्का किती गोल आहे ते बघत बसू नका.

शाळेत स्वच्छतेची तपासणी होईल. नखं कापायला सांगतील. जरूर कापा, स्वच्छता चांगली. अंगठ्याचं एक मात्र राखून ठेवा.